'इरोदोरी': फुकटची जपानी पाठमाला नागपुरात बसून किती कामाची?

जपान फाउंडेशनने 2020 मध्ये 'इरोदोरी' ही पाठमाला काढली. जपानमध्ये राहायला आणि काम करायला जाणारा परदेशी माणूस डोळ्यांपुढे ठेवून ती लिहिली आहे. तिचे तीन भाग आहेत: स्टार्टर ए1 (अगदी सुरुवातीच्या) पातळीचा, एलिमेंटरी 1 आणि एलिमेंटरी 2 हे ए2 (त्यापुढच्या) पातळीचे. प्रत्येक भागात 18 धडे, म्हणजे एकूण 54. धडे पीडीएफमध्ये एकेक करून उतरवून घेता येतात, ऑडिओ एमपी3 मध्ये मिळतो, आणि या सगळ्याला एक रुपयाही पडत नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. रोजचं बोलणं समजायचं असेल तर फुकटात याहून चांगलं काही सुचवता येत नाही. पण ही पाठमाला वर्गासाठी रचलेली आहे. समोर शिक्षक आणि बाजूला जोडीदार आहे असं ती धरून चालते. घरी एकट्याने उघडली तर पाचव्या-सहाव्या धड्यापर्यंत उत्साह टिकतो आणि मग गाडी अडते. ती का अडते हे बहुतेकांना कळत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. दुसरं म्हणजे इथे विचार केलाय तो इंग्रजी आवृत्तीचा, आणि तिच्यातल्या व्याकरणाच्या टिपा इंग्रजी डोक्यासाठी आहेत. मराठी माणसाने त्या वाटेने जपानीकडे जाणं म्हणजे वर्ध्याला जायला भंडाऱ्याची गाडी पकडणं.

धड्याची रचना एकदा समजून घ्या. प्रत्येक धडा काही 'कॅन-डू'मध्ये वाटलेला असतो, म्हणजे 'हा भाग झाल्यावर मला अमुक करता येईल' अशी वाक्यं: दुकानात हवी ती वस्तू मागता येईल, ओळख करून देता येईल, असं. आधी चित्रांसह शब्द, मग छोटे संवाद ऐकायचे, मग त्यातलं वाक्याचं रूप हेरायचं, मग स्वतः बोलायचं. शेवटी कांजीचे (चिनीतून आलेल्या चित्रलिपीचे) शब्द, व्याकरणाच्या टिपा, जपानी राहणीबद्दल माहितीचं पान आणि संवादांची लेखी संहिता. व्याकरण मागे आणि ऐकणं पुढे, हा क्रम मुद्दाम ठेवलेला आहे. आपल्याकडची सवय उलटी: आधी संहिता वाचायची, अर्थ लिहायचा, मग जमलं तर ऐकायचं. तसं केलं की या पाठमालेतला निम्मा जीव गेला.

वापरायची रीत अशी ठेवा. संवाद पहिल्यांदा काहीही न बघता दोनदा ऐका. मग शब्द पाहा आणि पुन्हा ऐका. तिसऱ्या फेरीत फक्त चित्रं समोर ठेवून कोण कुणाला काय म्हणालं ते मराठीत सांगा. त्यानंतरच संहिता उघडा. मग ऑडिओच्या अर्धा सेकंद मागून, त्याच चालीत, मोठ्याने बोला. मनातल्या मनात म्हटलेलं धरायचं नाही. एका धड्याला चार ते पाच तास धरले आणि आठवड्याला दोन धडे केले, तर एक भाग नऊ आठवड्यांत होतो. याहून घाई केली तर शब्द डोळ्यांना ओळखीचे होतात, कानाला नाही.

पण पहिला धडा उघडण्याआधी हिरागाना आणि काताकाना या जपानीच्या दोन अक्षरमाला (मिळून 'काना') हातात हव्यात. दोन्हींत मूळ अक्षरं 46-46. रोज दहा अक्षरं लिहून काढली तर दहा दिवसांत दोन्ही ओळखू येतात, आणखी आठवडाभरात वाचनाला वेग येतो. इथे आळस केला की माणूस देवनागरीत लिहून घ्यायला लागतो, आणि तिथेच पुढचा सगळा घोळ सुरू होतो. देवनागरीत 'ओ' आणि 'ए' यांचे ऱ्हस्व-दीर्घ दाखवायला वेगळी खूण नाही. जपानीत मात्र लांबी बदलली की शब्द बदलतो. 'बिरु' म्हणजे इमारत आणि 'बीरु' म्हणजे बीअर, एवढं निदान लिहिता येतं. पण 'कोऽकोऽ' म्हणजे हायस्कूल आणि 'कोको' म्हणजे इथे, हा फरक आपल्या वहीत पुसला जातो. मग 'ओबासान' आणि 'ओबाआसान'. पहिली काकू-मावशीच्या वयाची, दुसरी आजी. चाळिशीतल्या बाईंना आजी म्हणून मोकळे व्हायचं नसेल तर काना लिहायला शिका. (या लेखातही जपानी शब्द देवनागरीतच आहेत, आणि हाच दोष त्यांच्यातही आहे. उच्चारासाठी ऑडिओवर विसंबा, इथल्या अक्षरांवर नाही.)

दुसरी अडचण स्वर गिळण्याची. लिहिताना 'देसु', 'मासु' असतं, पण ऐकू येतं 'देस', 'मास'. 'सुकी' बोलताना 'स्की'च्या जवळ जातं. वहीत 'देसु' लिहिलेला माणूस 'उ' ठासून म्हणतो आणि लगेच परका वाटतो.

उच्चारांत मराठी माणसाची एक चांदी आहे. 'त्सु' या आवाजावर हिंदी-इंग्रजीवाले बराच वेळ घालवतात. आपल्याला 'चूल'मधला च म्हटला की झालं. 'चि'साठी 'चिंच'मधला च. दोन्ही च आपल्या तोंडात आधीपासून आहेत, फक्त कुठला कुठे ते लक्षात ठेवायचं. 'झा', 'झु'साठीही तसंच: 'जगणं'मधला ज धरा, 'जीव'मधला नको.

आता व्याकरण. इथे इंग्रजी टिपांवर विसंबण्यात सर्वात जास्त नुकसान आहे, कारण वाक्याची घडण मराठी आणि जपानीत एका वळणाची: क्रियापद शेवटी, प्रत्यय शब्दाच्या मागे. स्टार्टरचा पाचवा धडा 'उदोन गा स्की देस' या वाक्यावर उभा आहे (उदोन म्हणजे जाड शेवया). 'मी उदोन आवडतो' अशा इंग्रजी वळणाने विचार करणाऱ्याला तिथे 'गा' हा कर्त्याचा प्रत्यय का येतो हे समजावून घ्यावं लागतं. आपण म्हणतो 'मला उदोन आवडतात'. आवडणारी वस्तू कर्त्याच्या जागी, 'गा' तिथेच. 'मला हवं', 'मला कळतं', 'मला येतं' हे सगळे जपानीतही 'गा' घेतात: होशी, वाकारु, देकिरु. चूक होते ती 'मला'मुळे. त्याचं शब्दशः 'वाताशि नि' करायचं नाही, 'वाताशि वा' म्हणायचं, आणि बहुतेक वेळा तेही गाळायचं.

जिथे मराठी दगा देते ती जागा म्हणजे 'त'. 'नागपुरात राहतो' आणि 'नागपुरात काम करतो', दोन्हींकडे आपला एकच प्रत्यय. जपानीत राहण्याला आणि असण्याला 'नि', काम करण्याला 'दे': 'नागुपुरु नि सुन्देइमास', पण 'नागुपुरु दे हातारैतेइमास'. चौथ्या धड्यात 'तोक्यो नि सुन्देइमास' पाठ होतं आणि मग माणूस प्रत्येक जागेला 'नि' लावत सुटतो. सोपी परीक्षा: त्या जागी काही घडतं आहे की कुणी नुसतं आहे? घडत असेल तर 'दे'. राहणं हे घडण्यात मोजत नाहीत, एवढा एक अपवाद पाठ करायचा.

पुढच्या भागांत क्रियापदांची 'ते'रूपं ('ते' किंवा 'दे'ने संपणारी) येतात आणि शिकणारे घाबरतात. घाबरण्यासारखं त्यात रूप बनवण्याचे नियम तेवढे आहेत: 'काकु'चं 'काइते', 'नोमु'चं 'नोन्दे', 'इकु'चं नियम मोडून 'इत्ते'. हे घोकावेच लागतात. अर्थ मात्र आपल्या 'ऊन'मध्ये तयार बसलेला आहे. 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन बघणं, 'काइते ओकु' म्हणजे लिहून ठेवणं, 'ताबेते शिमाउ' म्हणजे खाऊन टाकणं. 'मिरु' म्हणजे बघणं आणि 'ओकु' म्हणजे ठेवणं, हे जपानीतही खरेच. इंग्रजी टिपेत याला अर्धं पान लागतं. त्यातही नागपूरकरांची खास सोय: 'काय करून राह्यला?' हे 'नानि शितेरु?'शी पुण्याच्या 'काय करतो आहेस?'पेक्षा जास्त जुळतं, कारण तिथेही 'करून'ला असण्या-राहण्याचं क्रियापद जोडलेलं आहे. फक्त हे सगळीकडे लावू नका. 'केक्कोन शितेइमास'चा अर्थ लग्न झालेलं आहे असा, लग्न करून राह्यलो असा नाही.

अंकांचा सोळावा धडा, 'झेंबु दे इकुरा देस का' (सगळे मिळून किती?), सोपा वाटतो आणि बाजारात पाय घसरतो. जपानी मोजणी दहा हजारांच्या 'मान'वर चालते. लाख म्हणजे दहा मान, कोटी म्हणजे हजार मान. 'जूहाचि-मान' पगार म्हणजे अठरा हजार नव्हे, 1,80,000 येन. आपल्याला मधली लाखाची पायरी असल्याने हिशेब सोपा पडतो, फक्त लाखाला दहाने गुणायची सवय लावा. 300, 600 आणि 800 यांची रूपं वाकडी आहेत: साम्ब्याकु, रोप्प्याकु, हाप्प्याकु. किमती ऐकताना नेमकी हीच निसटतात.

या पाठमालेचा खरा कस रोजच्या वाक्प्रयोगांत लागतो. दुसऱ्याच धड्याचं नाव आहे 'सुमिमासेन, योकु वाकारिमासेन': माफ करा, नीट कळलं नाही. नवख्याला सर्वात आधी हेच लागतं, आणि इतक्या लवकर ते देणारी पाठ्यपुस्तकं कमी. त्याला 'मोऽ इचिदो ओनेगाइ शिमास' (पुन्हा एकदा, प्लीज) आणि 'युक्कुरि ओनेगाइ शिमास' (हळू, प्लीज) जोडा, पहिला महिना निभतो. 'सुमिमासेन' तेवढा एकाच अर्थाने धरू नका. हॉटेलात वेटरला बोलवायला तेच, गर्दीतून वाट काढायला तेच, कुणी खाली पडलेला रुमाल उचलून दिला तर आभारालाही तेच.

पंधराव्या धड्यातलं 'देन्चि गा होशीन देस गा' नीट ऐका. 'मला बॅटरी हवी होती, पण...' असं म्हणून वाक्य अर्धवट सोडलेलं आहे. त्या शेवटच्या 'गा'वर आवाज लोंबता राहतो आणि पुढचं दुकानदार बोलतो. लोक 'गा' झटक्यात तोडतात, मग मागणीचा हुकूम होतो. नकाराचंही तसंच: 'दोयोबि वा चोत्तो...' म्हणजे 'शनिवारी जरा...'. कारण कुणी सांगत नाही, कुणी विचारतही नाही. 'चोत्तो नानि?' असं उलट विचारलं की समोरचा अवघडतो.

'दाइजोबु देस' हा सर्वात फसवा. 'बरा आहे', 'चालेल' आणि 'नको', तिन्ही. दुकानात पिशवी हवी का विचारल्यावर म्हटलं तर अर्थ 'नको'. हे महत्त्वाचं, कारण जुलै 2020 पासून जपानी दुकानांत प्लास्टिक पिशवीला पैसे घेतात आणि कॅशिअर दर वेळी विचारतो. हवी असेल तर 'ओनेगाइ शिमास' म्हणा. 'ई देस'च्या (शब्दशः 'चांगलं आहे') वाटेला सुरुवातीला जाऊ नका. त्याचाही अर्थ सुरावर होकार किंवा नकार होतो, आणि सूर यायला वेळ लागतो.

कामाच्या जागी 'ओत्सुकारेसामा देस' ('दमलात हो' अशा अर्थाचं) दिवसातून कितीदा तरी लागतं: जाता-येता, फोनवर, मीटिंग संपल्यावर. त्याच्यासारखंच ऐकू येणारं 'गोकुरोसामा' वरिष्ठांना म्हणायचं नाही, ते वरून खाली जातं. इतरांआधी निघताना 'ओसाकि नि शित्सुरेइ शिमास'. घरातून निघताना 'इत्तेकिमास', म्हणजे आपलं 'जाऊन येतो', आणि घरातल्यांचं 'इत्तेराश्शाइ', 'जाऊन या'. हे शिकवावंच लागत नाही. दुकानात शिरल्यावर 'इराश्शाइमासे'ला ('या, या') उत्तर द्यायचं नसतं. आपल्या तोंडून काहीतरी निघतंच, ते आवरा.

आणखी दोन चुका मराठी तोंडातून हमखास होतात. 'तुम्ही'च्या जागी 'आनाता' घालणं ही पहिली. शब्दकोशात अर्थ तोच, पण समोरच्याला तसं म्हणणं खटकतं. नाव घ्या आणि 'सान' लावा. दुसरी चूक म्हणजे स्वतःच्या नावाला 'सान' लावणं. 'वाताशि वा पाटील-सान देस' म्हणजे 'मी पाटीलसाहेब बोलतोय'. समोरचा बोलताना 'हाइ, हाइ' म्हणतो ते 'ऐकतोय' असं असतं, 'मान्य' असं नाही. पगाराच्या बोलणीत हा फरक महागात पडतो.

आता जिथे कमी पडते ते. संवाद जवळपास सगळे 'देस-मास'च्या सभ्य बोलीत आणि प्रमाण भाषेत आहेत. ओसाकाकडे काम मिळालं तर 'नाही, चालणार नाही' याला 'दामे'ऐवजी 'आकान' ऐकू येईल, 'खरंच?'ला 'होन्मा?'. हे इथे मिळणार नाही. कॅशिअरची आदरार्थी भाषाही वेगळी मुरवावी लागते. 'इरिमास का'ऐवजी तो 'फुकुरो वा गोरियो देस का' म्हणतो आणि कान बधिर होतो. यावर उपाय म्हणजे अख्खं वाक्य पकडायचा हट्ट सोडून 'फुकुरो' (पिशवी) एवढा शब्द पकडणं.

व्याकरणाचा सराव फारच थोडा आहे. एक रूप दोन-तीन संवादांत येतं आणि पाठमाला पुढे जाते. प्रत्येक रूपावर स्वतःची दहा वाक्यं लिहावी लागतात, आणि ती दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यावी लागतात, नाहीतर चूकच पक्की होते. कांजीचा भागही अर्धाच म्हणावा लागेल. शब्द ओळखा आणि मोबाइलवर टाइप करा, एवढ्यावर तो थांबतो. आजच्या वापराला ते बरोबर आहे, पण हाताने फॉर्म भरताना काही येत नाही. टाइप करतानाही अडतं: 'वा' ऐकू येणारा प्रत्यय 'हा' म्हणून टाइप करावा लागतो, 'इत्ते'मधल्या 'त्त'सारख्या दुहेरी व्यंजनाला रोमन अक्षर दोनदा, 'न्' पक्का करायला एन दोनदा आणि काताकानातल्या लांब स्वराला आडवी रेघ.

परीक्षेचं गणित साफ ठेवा. विशिष्ट कौशल्य कामगार व्हिसासाठी, ज्याबाबत भारत-जपान करार जानेवारी 2021 मध्ये झाला, जेएफटी-बेसिक ही परीक्षा किंवा जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन4 (खालून दुसरी पातळी) चालते. रुग्णसेवेच्या कामाला भाषेची आणखी एक वेगळी परीक्षा आहे. जेएफटी-बेसिक संगणकावर, 60 मिनिटांची, 250 पैकी 200 ला पास. तिच्यासाठी इरोदोरी अगदी नेमकी आहे, दोन्ही जपान फाउंडेशनच्याच. जेएलपीटीसाठी मात्र एवढ्यावर विसंबू नका. एन4 ला 180 पैकी 90 लागतात, शिवाय श्रवणात 60 पैकी किमान 19 आणि उरलेल्यात 120 पैकी किमान 38. श्रवणात या पाठमालेचा विद्यार्थी आरामात निघतो, व्याकरण आणि वाचनात अडकतो. ती परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. पुणे-मुंबईला जायचं असेल तर रेल्वेचं तिकीट फॉर्मसोबतच काढा.

नागपुरात ही पाठमाला चालवायची तर एक जोडीदार शोधाच, बोलण्याचे भाग एकट्याने होत नाहीत. मिहानमधल्या कंपनीतला सहकारी असो की नर्सिंगच्या वर्गातली मैत्रीण, आठवड्यातून दोनदा अर्धा-पाऊण तास पुरतो. धड्यातला संवाद तसाच म्हणू नका, गावातला माल भरा: बस विमानतळाला जाते का, याच्या जागी मेट्रो सीताबर्डीला जाते का. हवामानाची वाक्यं तर मे महिन्यात आपोआप पाठ होतात. 'आत्सुइ देस ने' ('गरम आहे, नाही?') म्हटलं की समोरच्याने 'आत्सुइ देस ने' म्हणायचं, एवढाच तो संवाद आहे, आणि तो तिथेही तसाच चालतो.

पूर्ण पीडीएफ छापायच्या फंदात पडू नका. बर्डीवर किंवा घराजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रत्येक धड्याची फक्त शब्दांची चित्रं, व्याकरणाची टीप आणि संहिता एवढी पानं काळ्या-पांढऱ्यात काढा. संहिता वेगळ्या पिनेत ठेवा, म्हणजे ऐकताना डोळा तिकडे जात नाही. व्याकरणाच्या पानाच्या समासात इंग्रजी अर्थाशेजारी मराठी वाक्य लिहा. राहणीची माहितीपानं फोनवर वाचली तरी चालतात.

ही कुणासाठी नाही तेही सांगायला हवं. कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर पाहून किंवा बौद्ध सूत्रांच्या ओढीने जपानीकडे वळलेल्यांना इथे त्यातलं काही मिळणार नाही. ती भाषा वेगळी आणि बरीच जुनी. अॅनिमे उपशीर्षकांविना बघायच्या आहेत, त्यांनाही हे संवाद फार सभ्य वाटतील. आणि आयटीत जपानी ग्राहकाशी ईमेल लिहायचे असतील तर एलिमेंटरी 2 संपल्यावरही आदरार्थी भाषेचं वेगळं पुस्तक घ्यावंच लागेल. बाकी हॉटेल, शेती, रुग्णसेवा, कारखाना अशा कामांसाठी जाणाऱ्यांनी उद्या सकाळी स्टार्टरचा पहिला धडा उतरवून घ्यायला हरकत नाही. हिरागाना येत नसेल तर उद्या नको, दहा दिवसांनी.